बाजाराच्या दिवशीची पोथी

माझ्या अमरावतीच्या दुकानात एक पुस्तक असं होतं, की जे कुणी लिहिलेलं नव्हतं, कुठे छापलेलं नव्हतं, मी ते कधी विकायला मांडलेलं नव्हतं. आणि तरी दर बाजाराच्या दिवशी ते माझ्याच ओट्यावर बसून पुढे वाचलं जात असे. हे ऐकून माझं डोकं ठिकाणावर नाही असं कुणाला वाटेल. त्या दिवसांत मलाही तसंच वाटायचं.

वाचणारे दोघे. अंजनगावच्या वाटेवरल्या एका गावचे पाटील आणि त्यांची पाटलीणबाई. ऐकणारी एक, पाटलांची आत्या. हिला सगळं गाव आत्याबाई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. बाल्यावस्थेतच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली, पुन्हा पाट न लावलेली, आणि तेव्हापासून त्या घरावर जिचा हुकूम चाले अशी ही बाई. म्हातारे पाटील, म्हणजे ह्या पाटलांचे वडील आणि तिचे थोरले भाऊ, गावाला शब्द देत, पण तो आधी बहिणीला विचारून.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. सातासमुद्रापार कुठेतरी अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिचा पैसा आमच्या वऱ्हाडात पडत होता. ही गोष्ट मला कधी नीट समजली नाही. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढत होत्या. लोकांच्या हातात पैसा आला म्हणजे ते पुस्तकंही घेतील, असा हिशेब करून मी पुण्याहून दोन पेट्या छापील पुस्तकं गाडीवर घालून आणली आणि कापसाच्या बाजाराला लागून एक गाळा धरला. हिशेब अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही. एका सावकाराने जाडीवर बोट ठेवून पुस्तकं नेली. दुसऱ्याने सोनेरी पुठ्ठ्याची तेवढी निवडली आणि आत काय आहे ते मला विचारलंसुद्धा नाही.

पाटील-पाटलीणबाईंचं तसं नव्हतं. कापसाच्या गाड्या तोलाला लागल्या की पाळी यायला दुपार व्हायची. तेवढ्या वेळात ही तिघं माझ्याकडे येत. पाटील ओट्यावर चढण्याआधी पाय धूत आणि पागोटं काढून काखेत धरत. मग दोघांची पुस्तकपाहणी सुरू होई. मुलगी पाहायला जावं तशी ती पाहणी! पाटील पुस्तक उघडून नाकाशी नेत, डोळे मिटून वास घेत आणि मान हलवत. पाटलीणबाई मागून विचारी, "हे कोन्या गावचं हाये?" मी म्हणे, "मुंबईचं." ती ते खाली ठेवी. "अन् हे?" मी म्हणे, "पुण्याचं." ती तेही खाली ठेवी. मग कडेला भरपूर कोरी जागा सोडलेलं एखादं सापडलं की तिचा चेहरा खुले. "ह्याले जागा हाये," ती आत्याबाईंना सांगे. कसली जागा, हे मला कळत नसे. पाटीलही म्हणत, "हाये, जागा हाये." दोघांचं एकमत झालं की घोंगडी पसरली जाई.

बसण्याची तऱ्हा ठरलेली. मधे आत्याबाई, तिच्या उजवीकडे पाटील, डावीकडे पाटलीणबाई. पुस्तक पाटलांच्या हातून आत्याबाईंच्या मांडीवरून पाटलीणबाईंकडे जाई आणि तसंच परत येई. पाटील पोथीच्या चालीवर वाचू लागत, आणि आत्याबाई गालात तंबाखू धरून हात जोडत.

पहिल्या दिवशी त्यांनी निवडलेलं पुस्तक जमीनमोजणीचं होतं. मला वाटलं, शेतकरी माणसं, ठीकच आहे. पण पाटील वाचू लागले ते असं:

"त्या नगरीत एक राजा होता, बाप्पा. त्याच्या वाड्यात मानसंच मानसं. राजाले रानीसंगं बोलाचं होतं, पन जागाच भेटत नोती."

पुस्तक मांडीवरून पलीकडे गेलं. पाटलीणबाईने पदर सावरून पुढे वाचलं, "तवा रानी म्हनते, महाराज, तांबडी गाय चार दिस झाले दूध देऊन नाही राहिली. तिचा मागचा पाय पाहा लागते. अन् तुमचा धाकटा भाऊ भाकर टाकून उठते, त्याले काय झालं ते इचारा."

मी गोंधळलो. हातातलं काम टाकून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. उघड्या पानावर एक तिकोनी शेत काढलेलं होतं आणि त्याच्या बाजूंना आकडे घातलेले होते. राजा नाही, राणी नाही, गाय तर नाहीच नाही. छापणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची पानं यात शिवली असावीत म्हणून ती गेल्यावर मी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. माझी संध्याकाळ त्यात गेली. जमीनमोजणी मात्र थोडीफार आली.

पुढच्या बाजारी मी पाटलांना बाजूला घेऊन विचारलं, "पाटील, ती राजाची गोष्ट कुठल्या पानावर आहे?"

"तुमाले दिसली नाही?"

"नाही."

"मंग बराबर वाचत जा, बावा," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

पाटलांना अक्षरओळख होती, एवढं नक्की. गावच्या पंतोजींच्या छड्या त्यांनी खाल्ल्या होत्या. पाटलीणबाईंना वाचता येत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ती बोट ओळीवरून फिरवी, पान वेळेवर उलटी, आणि एखाद्या ठिकाणी अडखळल्यासारखं करून मागे जाई. मी एकदा धीर करून विचारलंच. ती म्हणाली, "मले वाचता येते का, हे इचारून तुमी काय करसान? तुमाले इकता येते का, हे मी कवा इचारलं?" पुण्यात असं कुणी तोंडावर बोललं असतं तर मी महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नसतं. इथे मी हसलो. त्या महिन्यात माझी तीनच पुस्तकं खपली होती.

मग एके दिवशी प्रकरण माझ्या ध्यानात आलं. आत्याबाई तंबाखू थुंकायला ओट्याच्या टोकाशी गेल्या होत्या. पाटलांच्या हातात पुस्तक होतं. ते चाल सोडून, अगदी हळू वाचत होते, "राजानं इचारलं, काल सांजीले चुलीपाशी रडत काहून होती?" पाटलीणबाईने पुस्तक घेतलं नाही. तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले. आत्याबाई येऊन बसल्या, तशी ती लगबगीने पुस्तक ओढून वाचू लागली, "रानी म्हनते, धूर गेल्ता डोयात."

त्या घरात, त्या चालीरीतीत, वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नसे. वडीलधारी तर अंगणापासून माजघरापर्यंत सगळीकडे. रात्री बाप्येमाणसं कापसाच्या राखणीला खळ्यावर. तिची चूल, त्याचं शेत, आणि मधे बाराचौदा माणसं. बोलायचं केव्हा? तर बाजाराच्या दिवशी, माझ्या ओट्यावर, राजाराणीच्या तोंडून. कडेची कोरी जागा कशाला लागत होती ते तेव्हा उमगलं. तिथे त्यांचं बोलणं मावत होतं. मला हे कळलं आणि मी जास्तच गोंधळलो. दोन परक्या माणसांचं खाजगी बोलणं मी गिऱ्हाईक समजून ऐकत होतो. उठून जावं तर दुकान माझं. कानांत बोटं घालावीत तर दुसरं गिऱ्हाईक काय म्हणेल?

आणि खरं सांगू, मला हेवा वाटला. मी बायकोला पुण्याहून आणलं होतं. आमच्या घरात कुणी वडीलधारं नव्हतं, बोलायला पूर्ण मोकळीक होती, आणि आमचं बोलणं मीठ, सरपण नि पाण्याची घागर एवढ्यात आटपत असे. एका संध्याकाळी मी दुकानातलं एक पुस्तक घरी नेलं, तिच्यासमोर उघडलं आणि म्हणालो, "एक राजा होता." ती तांदूळ निवडायची थांबली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काढा करू का?" मी पुस्तक मिटून टाकलं.

इकडे आत्याबाई पोथीच्या पुऱ्या आहारी गेल्या होत्या. आधी त्या पुण्य लागतं म्हणून ऐकत. आता राजाचं पुढे काय झालं म्हणून येत. अंगात ताप असताना गाडीत गोधडी पांघरून आल्या, पण चुकल्या नाहीत. मधेच राजावर ताशेरे झाडत. "हा राजा लय भेकाड हाये, व माय! बापाफुडे तोंडच उघडत नाही." पाटील पुस्तकात मान घालत. "रानी हुशार हाये. रानीनंच राज्य कराले पायजे," असं म्हटल्यावर पाटलीणबाईच्या गालाला खळी पडे. मग एकदम माझ्याकडे वळून, "पुनेकरा, हे पोथी कोनं लिवली?"

"मला ठाऊक नाही, आत्याबाई," मी म्हणे. इतकं खरं बोलणारा दुकानदार अमरावतीच्या बाजारात दुसरा नसेल.

एकदा मात्र पोथी फाटली. कापसाचा भाव चढत चालला होता आणि पाटलांच्या मनात सगळ्या रानात कापूसच लावायचा होता. "राजानं ठरवलं," ते वाचू लागले, "का आवंदा समद्या राज्यात पांढरंच पिकवाचं. जवारी बंद." पुस्तक पलीकडे गेलं. "रानी म्हनते, मानसं कापूस खातीन का?" पुस्तक परत आलं. "राजा म्हनते, पैशानं जवारी इकत घेऊ." पुस्तक गेलं. "रानी म्हनते, समदेच राजे पांढरं पेरतीन तं इकनारा कोन उरते?" राजाने पुस्तक ओढलं. राणीने सोडलं नाही. "राजा म्हनते...", "नाही, रानी म्हनते...", आणि त्याच जमीनमोजणीच्या पुस्तकाचे दोन भाग होऊन एक पाटलांच्या हातात, एक पाटलीणबाईच्या हातात. आत्याबाई मधे बसून इकडचा भाग पाहत, तिकडचा भाग पाहत. शेवटी म्हणाल्या, "रानीचं बराबर हाये. मानसं कापूस खात नाहीत." फाटलेलं पुस्तक पाटलांनी निमूट विकत घेतलं. माझ्याकडून त्यांनी घेतलेलं ते पहिलं पुस्तक.

पुढच्या बाजारी पाटलांच्या गाडीवानाने सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. आत्याबाईंनी घरी जाऊन भावाला सांगितलं होतं, की खालचं रान ज्वारीला राहू द्यायचं. का? तर "पोथीत निघालं." म्हाताऱ्या पाटलांनी एका शब्दाने विचारलं नाही. मुलगा बोलला असता तर तो आगाऊपणा झाला असता, सून बोलली असती तर अनर्थच. पोथीत निघालं म्हटल्यावर प्रश्न मिटला. पुढे भाव गडगडला तेव्हा त्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या, असं मी ऐकलं.

मी रात्रंदिवस विचार करत असे, की आत्याबाईंना हे कळतंय की नाही. कधी वाटे, बिचारी भोळी बाई आहे. कधी वाटे, आपल्या घरची तांबडी गाय पोथीत कशी आली, एवढंही जिला कळू नये ती अख्खं घर कसं चालवते? आणि कधी वाटे, की तिघंही मिळून मलाच बनवतायत. नवराबायको दुकानाच्या पायरीवरून उतरताना एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत, इतकी ती सवय अंगी मुरलेली होती.

मग एका थंडीत ती बाजारी आली नाहीत. नंतरच्या बाजारी आली तेव्हा आत्याबाई खुशीत होत्या. नात्यातल्या लग्नाला म्हणून अकोल्याला गेलो होतो, त्या म्हणाल्या. रेल्वे अजून यायची होती, बैलगाडीनेच जाऊन आली होती. अकोल्यातही ह्या दोघांनी पुस्तकांचं दुकान हुडकून काढलं होतं. "तथीबी हेच पोथी भेटली, पुनेकरा! फुडचं पान तथी निघालं. राजा आजारी पडला होता, बरा झाला."

मला अकोल्याच्या त्या दुकानदाराचा राग आला. जे पुस्तक जगात नाही त्याचा पुढला भाग त्याच्याकडे माझ्याआधी पोचला होता, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. माझी अवस्था कुठवर गेली होती ते यावरून समजावं.

पण त्या दिवशी पाटलीणबाई पुस्तकं पाहत नव्हती. गाव विचारलं नाही, कडा पाहिल्या नाहीत. समोर पडलेलं पहिलं पुस्तक तिने उचललं आणि बसली. ते गुरांच्या रोगांचं होतं. पाटलांनी वास घेतला नाही. त्यांनी सुरुवात केली, "राजा रानीले म्हनते, तू तीन दिस झाले जेवून नाही राहिली..." पुस्तक आत्याबाईंच्या मांडीवरून पलीकडे गेलं.

पाटलीणबाईने ते हातात धरलं. बोट ओळीवर ठेवलं नाही.

"रानी म्हनते, महाराज, मले समजलं. लग्नाचं निमित्त होतं. अकोल्याहून तुमचे लोक फुडे पातुराले गेले, तथची पोट्टी पाहून आले. मले लेकरू नाही, म्हनून वाड्यात दुसरी रानी येनार हाये. येऊ द्या. रीतच हाये. मले एवढंच इचाराचं हाये, महाराज, का तुमाले हे ठावं होतं का?"

चाल तिने शेवटपर्यंत सोडली नाही, फक्त आवाज चिरला. मी खाली पडलेली पुस्तकं उचलायच्या मिषाने वाकलो. स्थळ कुणी आणलं असेल हे सांगायला नको होतं. त्या घरातलं कुठलंही स्थळ आत्याबाईंवाचून येत नसे. आणि आत्याबाई दोघांच्या मधे बसल्या होत्या, गालातली तंबाखू चघळायची थांबून.

पाटलांनी पुस्तक घेतलं. पान उलटलं, परत उलटलं. मग ते त्यांनी घोंगडीवर ठेवून दिलं, आणि बायकोकडे तोंड करून, भर दिवसा, आत्यादेखत, साध्या आवाजात ते म्हणाले, "मले ठावं नव्हतं. तुयी शप्पथ. मले दुसरी नको."

पाटलीणबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. असं बोलणं त्या घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं, आणि आत्याबाई आता काय करतील या भीतीने मी वाकलेलाच राहिलो.

आत्याबाई म्हणाल्या, "पोथी खाली काहून ठेवली?"

पाटील म्हणाले, "आत्या, मी म्हनून राहिलो, का मले..."

"तू काय म्हनून राहिला ते मले नाही पायजे. तुयं म्हननं दादाफुडे चालते का? इतक्या वर्सात एकदा तरी चाललं का?" त्यांनी समोर पाहतच हात जोडले. "पोथीत काय हाये ते वाच."

पाटलांना उमगलं नाही. पाटलीणबाईला मात्र उमगलं. तिने वाकून घोंगडीवरचं पुस्तक उचललं, मांडीवरून हात लांब करून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याची बोटं त्यावर घट्ट दाबली.

पाटील वाचू लागले. रडत होते, पण चालीवर वाचत होते. "राजा म्हनते, मले ठावं नव्हतं. मले दुसरी रानी नको. लेकरू नाही तं नाही. एकच रानी पुरे."

बाजारात कापूस तोलणाऱ्यांचा ओरडा चालू होता. आत्याबाई कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मी दुसरी म्हनून गेल्ती. पयली दारात बसून रडत होती. माह्यं खेयाचं वय होतं, मले वाटलं, तिचं पोट दुखते. मी तिले ओवा नेऊन देल्ला." आणि त्यांनी तंबाखू ओट्याखाली थुंकून टाकली.

मग उठल्या. लुगडं झटकलं. "पोथीत निघालं," त्या म्हणाल्या. "आता दादाले सांगता येते. पातुराले निरोप मी धाडीन." आणि माझ्यापुढे हात केला, "पुनेकरा, हे पोथी बांधून दे. दादाले दाखवा लागीन, कशात निघालं ते. देवापाशी ठेवू."

आता मी पडलो व्यवहारी माणूस. गुरांच्या रोगांचं पुस्तक, त्यात खुरकुताचं चित्रही होतं, ते देवघरात जाणार, त्याला हळदकुंकू लागणार, आणि उद्या कुणी वाचता येणारा माणूस त्या घरी आला म्हणजे? ह्या भोळ्या बाईची फसगत माझ्या दुकानातून होऊ नये असं मला मनापासून वाटलं. मी पुस्तक हातात घेतलं, पण बांधेना. म्हणालो, "आत्याबाई, एक सांगतो, रागावू नका. हे पुस्तक खरं पाहिलं तर गुरांच्या..."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर माझ्यावर पुढे कुणी टाकली नाही, आणि टाकू नये.

"मले वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुले येते ना? मंग तू चूप ऱ्हाय."